रात्रीच्या लेन्सने नंबर कायमचा जातो का?

सांगलीत पालकांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज: ‘रात्री ही कडक लेन्स लावून झोपवा, मुलाचा नंबर कायमचा जाईल.’

दिवसभर चष्म्याविना स्वच्छ दिसतं, त्यामुळे तसं वाटणं स्वाभाविक आहे. लेन्स बुबुळावरचं पारदर्शक आवरण मधोमध किंचित सपाट करते. लावणं थांबवलं की काही दिवसांत ते पूर्ववत होऊ लागतं, नंबरही परततो.

मुलांचा मायनस नंबर वाढतो तो मुख्यतः डोळ्याची लांबी वाढल्याने. लेन्सने त्या पारदर्शक आवरणाचा आकार बदलल्यामुळे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या कडेला प्रकाश वेगळा पडतो. बहुधा त्यामुळेच ही वाढ मंदावते. थांबेलच असं नाही, आणि वाढलेली लांबी कमी होत नाही. वाढ मंदावली का याची खात्री करायची तर दर सहा महिन्यांनी डोळ्याची लांबी मिलिमीटरमध्ये मोजून घ्या. लेन्सला नळाचं पाणी मात्र अजिबात लावू नका, जंतुसंसर्गाने नजर जाऊ शकते.