कोर्टरूम थरारकथा : बचाव वकील आणि संशयास्पद अशील

खुनासारख्या गंभीर गुन्ह्यातल्या आरोपीचे वकीलपत्र घेतलेला वकील आणि ज्याच्या निरपराधपणाची खात्री त्या वकिलालाही नाही असा अशील, या दोघांच्या नात्यावर उभी राहणारी कादंबरी, नाटक, चित्रपट किंवा मालिका. खून कोणी केला हा प्रश्न इथे दुय्यम असतो. वकिलाला काय ठाऊक आहे, ते केव्हा कळले आणि कळल्यावर तो काय करू शकतो, यावर कथा पुढे सरकते. अर्ल स्टॅन्ली गार्डनरने १९३३ मध्ये सुरू केलेली पेरी मेसन या वकिलाच्या कादंबऱ्यांची मालिका म्हणूनच या प्रकारात बसत नाही. मेसनचा अशील जवळजवळ नेहमीच निर्दोष निघतो आणि खरा गुन्हेगार उघडा पडतो.

या कथांचे मूळ प्रत्यक्ष कोर्टात सापडते. इंग्लंडमध्ये गंभीर फौजदारी खटल्यांत ज्युरीपुढे, म्हणजे कौल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळापुढे, आरोपीच्या वतीने भाषण करण्याची मुभा वकिलाला १८३६ च्या कायद्याने मिळाली. त्याआधी तो साक्षीदारांची उलटतपासणी घेई आणि कायद्याचे मुद्दे मांडी, एवढेच. चारच वर्षांनी, मे १८४० मध्ये, लंडनमध्ये लॉर्ड विल्यम रसेल यांचा झोपेत गळा चिरून खून झाला आणि त्यांचा नोकर कूर्वाझिए याच्यावर खटला उभा राहिला. खटला निम्म्यावर आला असताना घरातून नाहीशी झालेली चांदीची भांडी सापडली. ती कूर्वाझिएनेच एका हॉटेलात ठेवायला दिली होती. तेव्हा त्याने आपले वकील चार्ल्स फिलिप्स यांच्याजवळ खुनाची कबुली दिली, पण कोर्टात गुन्हा कबूल करायला नकार दिला. तुम्ही माझा बचाव पूर्ण ताकदीने करा, असे त्याचे म्हणणे होते. फिलिप्स हादरले. न्यायासनावर बसलेल्या बॅरन पार्क यांचा त्यांनी खासगीत सल्ला घेतला आणि बचाव चालूच ठेवला. कूर्वाझिएला फाशी झाली, पण वाद शमला नाही. खरे माहीत असूनही फिलिप्सनी पोलिसांवर आरोप केले आणि घरातल्या मोलकरणीकडे संशय वळवला, असा ठपका त्यांच्यावर पुढे कित्येक वर्षे राहिला.

या वादातून इंग्रजी वकिलीत एक दंडक पक्का होत गेला. अशिलाने कबुली दिली तरी वकिलाने सरकारी पुरावा कसून तपासावा, तो अपुरा असेल तर तसे ठणकावून सांगावे. मात्र गुन्हा दुसऱ्याच कोणी केला असे सुचवू नये, खोटी साक्ष तर मुळीच उभी करू नये. थरारकथेला लागणारा सगळा ताण या एका रेषेत आहे. अशिलाने तोंड उघडले की वकिलाचे हात बांधले जातात; म्हणून या कथांतला मुरलेला वकील ‘तू केलेस का?’ असे सहसा विचारत नाही. पुरावा काय आहे, तेवढेच विचारतो.

हे सर्वांत नेमके दाखवले ते ‘ॲनाटॉमी ऑफ अ मर्डर’ने. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जॉन व्होल्कर यांनी टोपणनावाने लिहिलेली ही कादंबरी १९५८ ची; त्यांनी स्वतः लढवलेल्या खटल्यावर ती बेतलेली आहे. पुढच्याच वर्षी ऑटो प्रेमिंजर यांनी तिच्यावर चित्रपट केला. त्यात तुरुंगातल्या भेटीत वकील बीगलर अशिलाला काय सांगायचे ते पढवत नाही. खुनाच्या आरोपातून सुटण्याचे कायदेशीर मार्ग कोणते, एवढेच समजावतो, त्यातले इथे न चालणारे एकेक बाजूला काढतो आणि थांबतो. अशील विचार करत करत आपणहून म्हणतो, मला वेड लागले असावे. वकील खोटे बोललेला नाही आणि अशिलाला नवे सत्य मिळाले आहे. या प्रकारातला इतका प्रामाणिक आणि इतका अस्वस्थ करणारा प्रसंग दुसरा नाही.

ॲगाथा ख्रिस्तीच्या ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’मध्ये आणि १९९६ च्या ‘प्रायमल फिअर’मध्ये वकील जिंकतो आणि मग त्याला कळते की अशिलाने आपल्यालाच वापरले. अशा कलाटणीची पुढे फार नक्कल झाली. ‘प्रायमल फिअर’ची छाया २००२ च्या हिंदी ‘दीवानगी’वर उघड दिसते. मायकल कॉनेलीच्या ‘द लिंकन लॉयर’ (२००५) मधली कोंडी अधिक खोल आहे. आताच्या अशिलाने केलेल्या खुनासाठी आपला जुना, निर्दोष अशील तुरुंगात खितपत आहे हे वकिलाला समजते, पण गोपनीयतेच्या बंधनामुळे ते बोलून दाखवता येत नाही.

हे बंधन लेखकांच्या कल्पनेतले नाही. १९७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात फ्रँक आर्मानी आणि फ्रान्सिस बेल्ज या वकिलांना त्यांच्या अशिलाने दोन बेपत्ता मुलींचे मृतदेह कुठे आहेत ते सांगितले. त्यांनी जाऊन ते पाहिले आणि गप्प राहिले. एका मुलीचे वडील चौकशीला आले तेव्हाही. पुढे बेल्जवर खटला भरला गेला, तो १९७५ मध्ये रद्द झाला. दोघांनाही लोकक्षोभाला मात्र तोंड द्यावे लागले.

भारतात बार कौन्सिलचे नियम स्पष्ट आहेत : आरोपीच्या दोषाबद्दल वकिलाचे स्वतःचे मत काहीही असो, त्याने बचाव केला पाहिजे. अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, असे वकील संघटनांचे ठराव सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बेकायदा ठरवले. तरीही परदेशी साचा इथे जसाच्या तसा बसत नाही. तिकडच्या कथेत एकदा सुटलेल्या आरोपीवर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही, आणि शेवटची कलाटणी त्यावरच उभी असते. आपल्याकडे निर्दोष मुक्ततेविरुद्ध सरकारला अपील करता येते. शिवाय आपल्याकडे आता ज्युरी नाही, त्यामुळे तिला भावनेने जिंकण्याची सोयही नाही. न्यायाधीशाला निकालाची कारणे लिहून द्यावी लागतात. ज्युरी होती तेव्हाही तिचा कौल अंतिम नव्हता. पत्नीच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेल्या नौदल अधिकाऱ्याच्या, मुंबईच्या नानावटी खटल्यात १९५९ मध्ये ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले. सेशन्स न्यायाधीशांना तो कौल पटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.