‘माणसं खरंच मारलीत त्यात’

कॉलेज रोडला मिसळीच्या टेबलावर बंदी घातलेल्या सिनेमांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास आवाज खाली करतं: “भावा, ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ बघितलाय? त्यात माणसं खरंच मारलीत. म्हणून तर बॅन आहे.” आमच्या शाळेच्या दिवसांत ही बातमी सीडीबरोबर हातोहात फिरायची, आता रीलवर फिरते.

तर, एकही माणूस मेला नाही. 1980 साली इटलीत सिनेमा लागला आणि थोड्याच दिवसांत मिलानमध्ये जप्त झाला. दिग्दर्शक रुजेरो देओदातोवर खुनाचा संशय आला. घोळ त्यानंच घातला होता: सगळं खरं वाटावं म्हणून कलाकारांनी वर्षभर गायब राहायचं, असा करारच केला होता. शेवटी त्यांना जिवंत हजर करावं लागलं! आणि सिनेमातली ती खांब आरपार गेलेली बाई? लोखंडी खांबाला सायकलची सीट लावलेली, ती त्यावर बसलेली, आणि तोंडात हलक्या बाल्सा लाकडाचा तुकडा वर धरलेला. बस्स.

प्राणी मात्र खरेच मारले. कासव, माकड, डुक्कर. यावर टेबलावर कुणी बोलत नाही, आणि मला सगळ्यात किळस त्याचीच येते.

“ए सर्टिफिकेट म्हणजे अनकट” हाही तसाच गैरसमज. आपल्याकडे सेन्सॉर बोर्ड ‘ए’ देतानाही कट सुचवू शकतं. पोस्टरवरचं “बंदी घातलेला” वाचून तिकीट काढणाऱ्याला हे कोण सांगणार?