वन्यप्राण्यांना सोयीचं कुरणकुंपण

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या चराऊ कुरणांवर, म्हणजे मुख्यतः वायोमिंग, मोंटाना, युटा, कोलोरॅडो, आयडाहो आणि वर कॅनडातला अल्बर्टा या पट्ट्यात, जुनी काटेरी तारेची किंवा जाळीची कुंपणं काढून (किंवा आहेत त्यातच फेरफार करून) अशी कुंपणं घालतात की गुरं आतच राहतील पण प्राँगहॉर्न, म्यूल डिअर, एल्क असले हरणासारखे प्राणी आरपार जाऊ शकतील. आपल्याकडे कुंपण म्हटलं की रानडुक्कर नि रोही पिकात घुसू नयेत म्हणून झटका मशीन, तसं हे नाही. इथे प्रश्न नेमका उलटा आहे, जंगली प्राण्याला जाऊ द्यायचंय आणि गाय अडवायचीय.

सध्या सगळ्यात जास्त वापरात असलेली मापं मोंटानाच्या मत्स्य, वन्यजीव व उद्यान खात्याने २००८ मध्ये जमीनमालकांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेतली आहेत: वरची तार जमिनीपासून शक्यतो ४० इंचांवर (सुमारे १०२ सेंमी), फार तर ४२, खालची तार किमान १६ इंच, जमलं तर १८ इंच (४६ सेंमी) वर, वरच्या दोन तारांमध्ये १२ इंच अंतर, आणि वरची-खालची तार बिनकाट्याची, गुळगुळीत. मधल्या तारा काटेरी असल्या तरी चालतात कारण गाय रेटा देते ती साधारण तिथेच. खांबांच्या मधे तारा जोडणाऱ्या उभ्या काड्या शक्यतो नकोत.

तारेचा उगम

काटेरी तार नक्की कोणाची यावर बराच वाद झालेला आहे. बहुतेक ठिकाणी इलिनॉयमधल्या डिकॅल्ब गावचा शेतकरी जोसेफ ग्लिडन याचं नाव येतं, त्याचं पेटंट २४ नोव्हेंबर १८७४ चं, क्रमांक १५७१२४. पण त्याआधी १८६७ मध्ये ओहायोतल्या ल्यूसियन स्मिथचं आणि १८६८ मध्ये मायकेल केलीचं पेटंट आहे, आणि फ्रान्समध्ये तर १८६० च्या सुमाराला ग्रासँ-बालेदाँने टोकं काढलेल्या पत्र्याच्या पट्टीचं पेटंट घेतलं होतं, अर्थात त्याला तार म्हणायचं का हाच प्रश्न. १८७३ मध्ये डिकॅल्बच्या जत्रेत हेन्री रोझ नावाच्या माणसाने खिळे ठोकलेली लाकडी पट्टी मांडली होती, ती ग्लिडन, जेकब हेश आणि आयझॅक एलवूड या तिघांनीही पाहिली आणि तिघांच्याही डोक्यात एकदमच किडा वळवळला असं दिसतं. ग्लिडनने काटे वळायला घरचं कॉफी दळायचं यंत्र वापरलं ही गोष्ट फार ठिकाणी सापडते, बायकोच्या हेअरपिनवरून कल्पना सुचली हीही. पहिली बऱ्यापैकी विश्वासार्ह मानतात, दुसरी सांगोवांगीची वाटते.

हेशने ग्लिडनच्या पेटंटला हरकत घेतली आणि भांडण बरीच वर्षं चाललं. आयोवातल्या डेल्ही नावाच्या गावच्या (होय, डेल्हीच) जत्रेत १८५८-५९ च्या आसपास मॉर्ली नावाच्या माणसाने काटेरी तार दाखवली होती असं सांगणारे साक्षीदार कोर्टात उभे केले गेले. सर्वोच्च न्यायालयाने १८९२ मध्ये निकाल ग्लिडनच्या बाजूने दिला. तीस वर्षांपूर्वीच्या आठवणींवर पेटंट मोडता येत नाही आणि शेवटचं यशस्वी पाऊल ज्याचं त्याचा हक्क, असा एकूण सूर. सगळ्या न्यायमूर्तींना हे पटलं नव्हतं. तांत्रिक बाजूने बघितलं तर ग्लिडनचं खरं काम काटा शोधणं हे नव्हतंच, दोन तारा एकमेकींना पीळ देऊन काटा जागच्या जागी पकडून ठेवणं हे होतं, आणि तेवढ्यासाठी श्रेय त्यालाच द्यावं हे मत जास्त पटण्यासारखं आहे.

काटेरी तार येण्याआधी मैदानी भागात ओसेज ऑरेंजच्या काटेरी झाडांची दाट कुंपणं लावायचे. ती वाढायला वर्षं लागायची, तार मात्र दोन माणसं दिवसभरात बरीच ओढून टाकतात, त्यामुळे १८८० च्या दशकात ती प्रचंड वेगाने पसरली. टेक्सासच्या वरच्या भागात गुरं दक्षिणेकडे सरकू नयेत म्हणून लांबच लांब आडवी कुंपणं घातली होती, १८८५-८६ च्या हिमवादळात गुरं त्याच तारांना टेकून थिजून मेली. म्हणजे कुंपणाने जनावर मरतं हे पहिल्यांदा कळलं ते पाळीव गुरांवरूनच.

मेंढ्यांची जाळी

जुनं कुंपण म्हटलं तरी ते सगळीकडे एकसारखं नसतं. वायोमिंगमध्ये सगळ्यात वाईट समजली जाते ती विणलेली जाळी आणि तिच्यावर एक-दोन काटेरी तारा. ही जाळी मेंढ्यांसाठी होती, जमिनीला जवळजवळ टेकलेली, कोकरूसुद्धा निसटू नये अशी. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या भागात मेंढीपालन उतरत गेलं, रँचवर (गुरांच्या मोठ्या खाजगी कुरणांवर) गाई आल्या, जाळ्या मात्र तशाच राहिल्या. गाईला जाळी लागतच नाही, तीन-चार तारा पुरतात. त्यामुळे आज काढल्या जाणाऱ्या बऱ्याच जाळ्या मालकालाही नकोच असतात, फक्त काढायचा खर्च कोण करणार एवढंच अडलेलं असतं.

प्राँगहॉर्न उडी का मारत नाही

या सगळ्या विषयाच्या मध्यभागी प्राँगहॉर्न आहे. लोक त्याला अँटिलोप म्हणतात पण तो खरा अँटिलोप नाही, वेगळ्याच कुळातला आहे, आणि हयात प्राण्यांत त्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे जिराफ आणि ओकापी. पळण्यात ताशी ८८ किमीच्या आसपासचा वेग सांगतात. आपला काळवीट पळता पळता उंच उड्या घेतो, हा मात्र कुंपणापाशी आला की थांबतो, तारेच्या कडेकडेने चालत राहतो, आणि खाली फट सापडली तर गुडघ्यांवर येऊन सरपटत पलीकडे जातो. उडी मारताच येत नाही असं नाही, मारताना दिसलेले आहेत, पण सहसा मारत नाही. उघड्या मैदानावर उत्क्रांत झालेल्या प्राण्याला उभा अडथळा ओलांडायची सवयच लागली नसावी हे स्पष्टीकरण सर्वसाधारणपणे मान्य आहे. त्याचा वेग हा आता नामशेष झालेल्या अमेरिकन चित्त्यामुळे आला हे प्राणीशास्त्रज्ञ जॉन बायर्स यांचं मत लोकप्रिय आहे. पण त्या चित्त्याचे जीवाश्म ग्रँड कॅन्यनसारख्या कड्याकपारीतही सापडलेत, त्यामुळे ते थोडं जपूनच घ्यावं.

काटेरी तारेखालून वारंवार सरपटल्यामुळे पाठीवरचे केस निघून कातडी उघडी पडते. नीट बघितलं तर मानेपासून मागे एक लांब सोललेला पट्टा दिसतो, आणि थंडीत तिथेच जखम चिघळते. खालची तार बिनकाट्याची करा हा आग्रह त्यातूनच येतो.

म्यूल डिअरचं वेगळं आहे. तो उडी मारतो, आणि मरतो तो मागच्या पायांमुळे. वरून जाताना मागचे पाय वरच्या तारेखाली आणि दुसऱ्या तारेवरून जातात, अंग पलीकडे पडतं आणि दोन तारांचा पीळ पायाभोवती बसतो, जितका ओढेल तितका घट्ट. वरच्या दोन तारांत १२ इंच अंतर हवं ते एवढ्यासाठीच. युटा आणि कोलोरॅडोमध्ये रस्त्याकडेच्या कुंपणांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वर्षाला दर किमीमागे सुमारे ०.२५ खुरवाले प्राणी तारेत अडकून मेलेले आढळले, म्हणजे चार किमीला एक. पिल्लांचं प्रमाण मोठ्यांच्या कितीतरी पट, आणि सगळ्यात घातक जाळीवर एकच काटेरी तार असलेलं कुंपण. हे फक्त अडकलेले; आईमागे पलीकडे जाता न आल्यामुळे कुंपणाच्या बाजूला मेलेली पिल्लं वेगळी.

अडकून मरण्यापेक्षा अडून राहणं जास्त मोठं असावं असा अलीकडचा कल आहे. वायोमिंगमधल्या पाइनडेल भागात प्राण्यांच्या गळ्यात बांधलेल्या जीपीएस पट्ट्यांवरून २०२१ मध्ये आलेल्या अभ्यासात एका प्राँगहॉर्नची वर्षात सरासरी २४८ वेळा कुंपणाशी गाठ पडते, म्यूल डिअरची ११९ वेळा, आणि साधारण ४० टक्के वेळा त्याची चाल बदलते.

कायदा

१८८५ च्या एका केंद्रीय कायद्याने सरकारी जमीन बेकायदा कुंपणात घेणं बंद केलं होतं, हेतू अर्थातच जंगली प्राणी नव्हते, गुरांच्या बड्या मालकांना आवरायचं होतं. जवळजवळ शंभर वर्षांनी तोच कायदा वायोमिंगमध्ये रॉलिन्सजवळच्या रेड रिम इथे कामी आला. रेल्वेच्या जमीनवाटपामुळे तिथे खाजगी आणि सरकारी चौरस तुकडे आलटून पालटून आहेत. एका रँचरने १९८३ मध्ये २८ मैल जाळीचं कुंपण स्वतःच्या जमिनीवरूनच घातलं, पण त्यात सरकारी तुकडे आपोआप बंद झाले आणि प्राँगहॉर्नची हिवाळ्यातली चराई तुटली. १९८८ मध्ये अपील न्यायालयाने तो कायदा प्राण्यांच्या वाटेलाही लागू होतो असं धरलं आणि कुंपण काढा नाहीतर बदला हा आदेश कायम केला.

मापं कुठून आली

प्राण्यांच्या दृष्टीने कुंपण मोजायला कधी सुरुवात झाली हे नक्की सांगणं अवघड. छापील पुरावा बघितला तर १९६७ चं युटा स्टेट विद्यापीठाचं प्राँगहॉर्नवरचं काम बऱ्यापैकी जुनं. १९७० च्या सुमाराला केंद्रीय भूव्यवस्थापन खात्याने जमिनीत बसवलेल्या आडव्या सळयांचे 'अँटिलोप पास' करून पाहिले, ते फारसे रुळले नाहीत.

नंतर खालच्या दोन तारांवर पीव्हीसी पाइप बसवून ते उचलून धरायची युक्ती आली, तिला गोट-बार म्हणतात. अल्बर्टातल्या सफील्ड लष्करी तळावर आणि मोंटानातल्या एका रँचवर कॅमेरे लावून केलेली तुलना २०१८ मध्ये छापून आली, त्यात गोट-बारचा प्राँगहॉर्नला काही उपयोग दिसला नाही, उलट बिनकाट्याची तार आणि साध्या क्लिपांनी वर अडकवलेली तार दोन्ही चालल्या. क्लिप पैशात स्वस्त पडते, त्यामुळे जिथे आख्खं कुंपण बदलायला बजेट नाही तिथे तीच बरी. तरी प्राणी नव्या फटीवर लगेच विश्वास ठेवत नाही, ओळखीच्या जागीच परत परत जातो, म्हणून बदल आधी त्याच जागी करावा.

सेज ग्राउझ हा पक्षी पहाटे कमी उंचीवरून उडताना तारेवर आदळतो. त्याच्यासाठी वरच्या तारेला प्लॅस्टिकचे छोटे पांढरे तुकडे लावतात. आयडाहोतल्या २०१२ च्या अभ्यासात त्याने टक्कर सुमारे ८३ टक्क्यांनी कमी झाली.

प्रत्यक्ष काम

वायोमिंगमधल्या जॅक्सन होल खोऱ्यात १९९६ पासून स्वयंसेवक तार काढायला जातात. खिळे उपटायचे, तार कापून गुंडाळायची, टी-आकाराचे लोखंडी खांब जॅकने उपसायचे. गंजकी तार गवतात एक हातभर जरी राहिली तरी पायात गुंतते, म्हणून गुंडाळी मोजूनमापून उचलतात. सरकारी जमिनीवर पन्नास वर्षांपेक्षा जुनं कुंपण असेल तर ते ऐतिहासिक आहे का हे आधी तपासावं लागतं, त्यात वेळ जातो. बर्फाच्या भागात हिवाळ्यात आडवं पाडून ठेवायची कुंपणंही आहेत, पण दर वसंतात ती परत उभी करायला माणूस लागतो आणि रँचरची खरी तक्रार तीच.

गाईच्या गळ्यातल्या जीपीएस पट्ट्याने आधी आवाज मग हलका झटका देणारं आभासी कुंपण आता वापरात येतंय. त्याने आतल्या विभागण्या जातात. हद्दीची आणि रस्त्याकडेची तार मात्र अजून बहुतेक ठिकाणी ठेवतात.