घरातली जपानी लष्करी तलवार: आमच्याकडे आणण्याआधी एवढे वाचा

जुन्या जपानी तलवारी पाहून त्या काय आहेत ते सांगायचे काम आम्ही करतो, म्हणून खंडेनवमी जवळ आली की आमचा फोन वाजू लागतो. माळ्यावरची ट्रंक खाली उतरते, जुन्या धोतरात गुंडाळलेली आजोबांची तलवार बाहेर निघते, आणि घरातले कुणीतरी म्हणते, पूजेला मांडायची तर जरा चकचकीत तरी करू. आमची पहिली विनंती इथेच आहे: थांबा. चिंच, लिंबू, राख, पितळ घासायची पावडर, पॉलिश पेपर यांतले काहीही पात्याला लावू नका. पूजा जरूर करा, पण हळदकुंकू म्यानाला वाहा. ओल्या बोटांनी पात्यावर लावलेले कुंकू पुसले तरी त्याखाली ओल राहते, आणि पुढच्या दसऱ्याला तिथे बोटाच्या आकाराचा काळा डाग दिसतो. आम्ही असे डाग ओळीने पाच-सहा पाहिले आहेत, एकेका वर्षाचा एकेक.

ती घरी आली कशी

मराठी घरात जपानी तलवार सापडणे यात नवल नाही. त्या वेळच्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण मार्च 1944 मध्ये मणिपूरच्या डोंगरात सांगशाकला जपान्यांशी लढली. पहिली पलटण महायुद्ध संपल्यावर 1946 मध्ये ताबा-सैन्याबरोबर थेट जपानात होती. 1945 च्या शरणागतीनंतर ब्रह्मदेश आणि मलायात जपानी अधिकाऱ्यांनी आणि हवालदार-नाईकांच्या दर्जाच्या लोकांनी तलवारी खाली ठेवल्या. त्यातल्या काही आठवण म्हणून इकडे आल्या.

मात्र दहातल्या सहा घरांत ती "जपानी जनरलची" असते. आग्नेय आशियातल्या जपानी फौजांचे प्रमुख फील्डमार्शल तेराउची यांनी नोव्हेंबर 1945 मध्ये व्हिएतनाममधल्या सायगॉनला आपल्या तलवारी माउंटबॅटन यांच्या हवाली केल्या. एवढ्या वरच्या माणसाच्या तलवारीची नोंद राहते, ती कुणाच्या वळकटीत येत नाही. आजोबांनी सांगितले ते खोटे असे आम्ही म्हणत नाही. गोष्ट तीन पिढ्या सांगितली गेली की त्यातल्या माणसाची बढती होते, इतकेच.

तलवारीबरोबर लाकडाची छोटी पट्टी, कापडाचा किंवा कागदाचा तुकडा बांधलेला असेल आणि त्यावर शाईने जपानी अक्षरे असतील, तर तो फेकू नका. शरण येताना काहींनी आपले नाव-गाव लिहून बांधले होते. पलटणीचा कागद, जुना फोटो, डिस्चार्जचे पुस्तक हेही बरोबर ठेवा. पाते वय सांगते. ती तुमच्या घरी कशी आली ते फक्त कागद सांगतात.

बाहेरचा साज

1876 मध्ये जपानी सरकारने सामुराईंना तलवार बाळगून रस्त्यावर फिरायची बंदी केली. नव्या फौजेने युरोपी घाटाची तलवार घेतली: बोटांवर वळलेली पितळी कड, पोलादी म्यान. 1934 मध्ये वारे फिरले आणि अधिकाऱ्यांसाठी जुन्या 'ताची' तलवारीच्या घाटाचा साज ठरला, ज्याला 'शिन-गुन्तो' म्हणजे नवी लष्करी तलवार म्हणतात. म्यानावर टांगायच्या दोन कड्या असतील तर 1934 चा नमुना, एकच असेल तर बहुधा 1938 चा. दुसरी कडी काढून ठेवता येत असे, म्हणून यावर पैज लावू नका. लढाईच्या काळातला साधा नमुना निराळा ओळखू येतो: मुठीच्या वेष्टनावर लाख चढवलेली आणि मुठीत एकाऐवजी दोन खुंट्या. आरमाराची तलवार 1937 ची. तिच्या मुठीचे वेष्टन तपकिरी आणि म्यान बहुधा काळे. समुद्राच्या खाऱ्या हवेसाठी काही पाती स्टेनलेस पोलादाची केली. ती आजही कोरी दिसतात म्हणून लोकांना नकली वाटतात. नकली नसतात.

मुठीच्या टोकाला लोंबणारा गोंडा हुद्दा सांगतो. तपकिरी-निळा लेफ्टनंट ते कॅप्टन, तपकिरी-तांबडा मेजर ते कर्नल, सोनेरी धाग्याचा जनरल. पण गोंडा दोरीने बांधलेला असतो, आणि दोरी कुणालाही सोडता येते. सोनेरी गोंड्याने तलवार जनरलची होत नाही. मुठीच्या टोपणावर चांदीचे छोटे घराण्याचे चिन्ह असेल तर ते मात्र आम्हाला आधी दाखवा.

अधिकारी आपली तलवार स्वतःच्या पैशाने घेत, म्हणून एकसारख्या साजात काहीही निघू शकते: कारखान्यातले पाते, चांगल्या लोहाराने घडवलेले पाते, क्वचित घराण्यातले तीन-चारशे वर्षांचे पाते. 1935 ची हवालदारी तलवार, जिला संग्राहक 'टाइप 95' म्हणतात, सरकारी होती. तिची मूठ अॅल्युमिनियमची ओतीव, त्यावर वेष्टनाची नक्षी ओतलेली आणि वर रंग. अगदी सुरुवातीची मूठ तांब्याची, शेवटच्या काळातली लाकडाची. पाते यंत्रावर केलेले, बाजूने पन्हाळ, आणि पात्यावर मुठीजवळ आकडा ठोकलेला. तोच आकडा म्यानाच्या तोंडाशीही असतो. दोन्ही जुळले तर म्यान मूळचे.

गिऱ्हाइकाला "ही कारखान्याची आहे" म्हटले की त्याचा चेहरा पडतो. आमचे मत वेगळे आहे. आकडे जुळणारी, मूळ रंग टिकलेली हवालदारी तलवार ही लढाईतली खरी वस्तू आहे, आणि खोट्या सहीच्या "प्राचीन" पात्यापेक्षा आम्हाला ती केव्हाही पसंत. फक्त एक करा: तिच्या मुठीचा स्क्रू फिरवू नका. त्याची खाच एकदा खराब झाली की ती कुणीतरी उघडल्याचे कायमचे दिसते.

मुठीच्या आत

आपल्याकडची तलवार आणि जपानी तलवार यांत मोठा फरक इथे आहे. आपल्या तलवारीत पात्याचा मुठीत जाणारा भाग लाखेने किंवा राळेने पक्का बसवतात. तो बाहेर काढायचा नसतो. जपानी तलवारीत तो एका बांबूच्या खुंटीवर अडकलेला असतो. ती निमुळती असते. बारीक टोकाकडून हलके ठोकले की बाहेर येते आणि मूठ उतरते. आतल्या भागाला 'नाकागो' म्हणतात. त्यावर लोहाराची सही असू शकते, मागच्या बाजूला तारीख असू शकते, आणि गंज हमखास असतो.

या गंजाला हात लावायचा नाही. पाते घासून नवे करता येते, नाकागो मुद्दाम कुणी घासत नाही, म्हणून त्याचा रंग हा वयाचा दाखला. काही शतकांचा गंज गडद, काळसर तपकिरी आणि एकसारखा असतो. बोटाला लागत नाही. लढाईच्या काळातला फिका असतो, खाली कानशीच्या तिरक्या रेघा अजून स्पष्ट दिसतात. नारिंगी, भुकटी होऊन सुटणारा गंज दिसला तर शंका घ्या. सातारा भागातल्या एका गृहस्थांनी अक्षरे नीट वाचता यावीत म्हणून नाकागो तारेच्या ब्रशने घासून आणला होता. अक्षरे वाचता आली. पण पाते 1942 चे की 1642 चे, हे सांगणारा पुरावा त्यांच्या अंगणात पडून राहिला होता.

तारीख वाचायला थोडी युक्ती पुरते. मजकूर वरून खाली वाचतात. एक, दोन, तीन हे आकडे म्हणजे तितक्याच आडव्या रेघा. दहा म्हणजे आपले अधिकचे चिन्ह. वर 'शोवा' (सम्राट हिरोहितो यांच्या राजवटीचे नाव) ही दोन अक्षरे असतील तर पुढच्या आकड्यात 1925 मिळवा: शोवा 17 म्हणजे 1942.

सहीच्या बाजूला किंवा वर छोटे ठसे असू शकतात. जपानमधल्या सेकी गावाच्या सुऱ्या करणाऱ्या कारागिरांच्या पेठेतून फौजेला हजारो पाती गेली. त्यांवर आधी 'शोवा'चा, पुढे 'सेकी'चा ठसा. असा ठसा असलेले पाते बहुधा पारंपरिक रीतीने घडवलेले नसते. चांदणीचा ठसा उलट आहे: फौजेने नेमलेल्या लोहाराचे, जुन्या पद्धतीने केलेले काम. टोकियोच्या यासुकुनी देवळाच्या आवारात 1933 ते 1945 या काळात घडवलेली पाती जुन्या भट्टीच्या 'तामाहागाने' पोलादाची आहेत आणि त्यांना मागणी मोठी आहे. दक्षिण मांचुरिया रेल्वेने आपल्या पोलादाची 'कोआ इश्शिन' नावाची पाती केली, तीही आम्हाला आवडतात. रेल्वेने तलवारी कराव्यात ही कल्पनाच मजेदार.

आणि सही? खोटी सही कोरणे हा जपानातला शेकडो वर्षांचा धंदा आहे. मोठे नाव दिसले की आम्ही आनंदी होत नाही, सावध होतो.

पाणी खरे की रंगवलेले

आपल्याकडे विळ्याला, कोयत्याला लोहार पाणी देतो. तेच इथे आहे, फक्त फार नजाकतीने. पात्याला माती लावतात, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड, मग तापवून पाण्यात बुडवतात. धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ मऊ राहते, आणि दोन्हींच्या सीमेवर दुधाळ रेघ उमटते. तिचे नाव 'हामोन'. लढाईच्या काळात बरीच पाती पाण्याऐवजी तेलात थंड केली. तिथेही रेघ येते, पण सहसा चमकत्या बारीक कणांशिवाय, सपाट.

खोली अंधारी करा, एकच बल्ब लावा, पाते बल्बकडे रोखून हळूहळू तिरके करा. खऱ्या हामोनची सीमा धुक्यासारखी असते, काठाला जाडी असते, आणि रेघ टोकापर्यंत जाऊन मागे वळते. आम्लाने काढलेली रेघ पांढऱ्या खडूने ओढल्यासारखी सगळीकडे सारखीच दिसते. टोकाशी जिथे पात्याचा उतार बदलतो, तिथे आडवी कड असते. पाते तिरके केले की खऱ्याला ती कड दिसते. नकलीत ती नुसती घासून काढलेली रेघ असते.

गेल्या वीसेक वर्षांत चीनमध्ये केलेल्या नकलांनी बाजार भरला आहे. पिवळेजर्द पितळ, हातात लोखंडी पहारीसारखा जडपणा, अर्थहीन अक्षरांची सही, आणि मुठीवरच्या माशाच्या कातडीऐवजी प्लास्टिक, ज्याचे सगळे दाणे एकाच मापाचे. खऱ्या कातडीचे दाणे लहानमोठे असतात. पण शेवटच्या काळात जपान्यांनीही नकली कातडी वापरली, त्यामुळे एका खुणेवरून फैसला देऊ नका. मूठ आणि पाते यांच्या मध्ये बसणाऱ्या सगळ्या पातळ चकत्यांवर एकच आकडा ठोकलेला असेल तर साज मूळचा एकत्र आहे असे समजते.

कायदा

1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 चे नियम तलवारीला लागू होतात, आणि परवाना लागतो की नाही हे तुमच्या भागाला कोणती अधिसूचना लागू आहे यावर ठरते. आम्ही वकील नाही. तलवार घरी आहे आणि ती वारशाची आहे, एवढे आपल्या पोलीस ठाण्याला लेखी कळवा, पोच घ्या, आणि ते सांगतील तसे करा. एसटीच्या पिशवीत टाकून आमच्याकडे आणू नका. वस्तू शंभर वर्षांहून जुनी निघाली तर 1972 चा पुरावस्तू कायदाही येतो: ती देशाबाहेर नेता येत नाही आणि विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय चालत नाही. शोवा काळाची बहुतेक पाती अजून शंभरीची नाहीत, पण साज 1938 चा आणि पाते 1600 चे असेल तर हा प्रश्न उभा राहतो.

काहींना पाते जपानला पाठवून तिथे घासून घ्यायचे असते. कारखान्यातले पाते असेल तर मुळीच नको. जपानच्या 1958 च्या कायद्याने फक्त पारंपरिक घडणीच्या तलवारींची नोंद होते. बाकीच्या तिथे ठेवताच येत नाहीत, त्यामुळे परत मिळायची खात्री नाही. टोकियोची 1948 ची जतनसंस्था प्रमाणपत्रे देते तीही पारंपरिक पात्यांनाच.

पावसाळ्यात

पाते काढताना धार वर ठेवून हळू ओढा. बोट लावू नका. जुन्या मऊ सुती कापडाने पुसा, शिवणयंत्राचे तेल दोन थेंब, इतके पातळ की दिसू नये. खोबरेल किंवा तिळाचे तेल चिकट होते आणि धूळ धरते. कोकणात असाल तर जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला काढून बघा. लाकडी म्यान ओल धरते.

आमच्याकडून काय मिळेल

आम्ही तलवारी विकत घेत नाही आणि विकतही नाही, म्हणून आमच्या मतामागे भाव पाडण्याचा हेतू नसतो. आधी फोटो पाठवा; अर्ध्या तलवारींचे उत्तर फोटोवरच मिळते आणि त्याचे पैसे आम्ही घेत नाही. पूर्ण तलवार दोन्ही बाजूंनी, म्यानाचे तोंड, मुठीचे टोपण, आणि पात्यावर आकडा किंवा ठसा असेल तर जवळून. फ्लॅश नको, खिडकीतला उजेड बरा. मूठ सहज उतरत असेल तर नाकागोच्या दोन्ही बाजू, टोक वर करून. उतरत नसेल तर जोर करू नका, तशीच राहू द्या.