संदर्भाचा आग्रह कुठून आला?

ज्ञानकोश छापील होते तोवर वाचक नोंदीखाली संदर्भ मागायला जात नसे. १९२० च्या दशकात मराठी ज्ञानकोशाचे २३ खंड पुण्यात पुरे झाले, तेव्हा त्यांच्यामागे संपादकाचं नाव होतं आणि चुकीचा जाब विचारायला पत्ता होता. जानेवारी २००१ मध्ये विकिपीडिया सुरू झाला आणि या दोन्ही गोष्टी गेल्या. त्याच्या आधीच्या प्रकल्पात तज्ज्ञ लेख तपासत. ते काम इतकं रेंगाळलं की शेवटी दार सगळ्यांना सताड उघडलं गेलं. लिहिणारा निवृत्त प्राध्यापक की नववीतला मुलगा, हे कळायला मार्ग उरला नाही. मग विश्वास ठेवायचा तरी कशावर? त्याने दाखवलेल्या छापील पानावर.

मराठी आवृत्ती १ मे २००३ ची. संदर्भाचे नियम त्याच सुमारास आकार घेत होते, पण खरा धाक बसला २००५ मध्ये. एका ज्येष्ठ अमेरिकी पत्रकाराच्या चरित्रात कुणीतरी खोडसाळपणे लिहिलं, की केनेडी बंधूंच्या हत्यांत त्याचा हात असल्याचा संशय होता. हा मजकूर चारेक महिने तसाच राहिला. त्यानंतर इंग्रजी आवृत्तीत खातं नसलेल्यांना नवा लेख सुरू करायला बंदी आली. हयात व्यक्तींबद्दलचा बिनसंदर्भ वादग्रस्त मजकूर ताबडतोब काढायचा, हा दंडकही पुढे झाला.

सगळ्यात मोठा वाद मात्र धोरणातल्या एका वाक्यावरून झाला: मजकूर ठेवण्याचा निकष पडताळणी हा आहे, सत्य हा नव्हे. वाचताच माणूस चिडतो. पण पुण्याचंच घ्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही. नदीकाठच्या पेठांत ज्यांनी तो पूर पाहिला, ते जिन्याची पायरी दाखवून सांगतात, पाणी इथवर होतं. आजोबा खोटं बोलत नाहीत. पण नातवाने ती पायरी लेखात घातली, तर सोलापूरच्या वाचकाने ती ताडून कुठे पाहायची? आणि शेजारच्या वाड्यातले आजोबा दोन पायऱ्या वर सांगत असतील, तर कुणाचं ठेवायचं? तिथे त्या दिवसांतली वर्तमानपत्रं आणि चौकशी आयोगाचा अहवाल यांच्याकडेच जावं लागतं. २०१२ मध्ये प्रदीर्घ चर्चेनंतर ते वाक्य धोरणाच्या सुरुवातीतून काढलं, कारण सत्याची पर्वाच नाही असा अर्थ लोक घेत होते. माझ्या मते ते काढायला नको होतं. गोष्ट खरी असून भागत नाही, अनोळखी माणसाला ती दाखवता आली पाहिजे, हे इतक्या थेटपणे दुसरीकडे कुठेच सांगितलेलं नव्हतं.

याची झळ मराठीला जास्त बसते. गावची दैवतं, बलुतेदारांची अवजारं, घरगुती औषधं यांवर छापलेलं फार थोडं. २०११ मध्ये भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत जाणकारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्याच संदर्भ म्हणून वापरायचा प्रयोग झाला, पण तो सर्वमान्य झाला नाही.

अलीकडची अडचण वेगळीच आहे. ज्ञानकोशातलं वाक्य रविवारच्या पुरवणीत जसंच्या तसं उतरतं आणि पुढे तीच पुरवणी त्या वाक्याखाली संदर्भ म्हणून लागते. म्हणून पुरवणीची तारीख आणि लेखातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या ‘इतिहास’ पानावर ते वाक्य पहिल्यांदा आलं ती तारीख ताडून पाहायची. पुरवणी नंतरची निघाली, तर त्या वाक्यामागे लावलेला ‘संदर्भ हवा’ हा साचा, म्हणजे तशी सूचना देणारी खूण, काढायचा नाही.