सोलापुरातील पोलीस बंदोबस्त आणि लोकसंवाद

सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात पोलिसांपर्यंत खबर कशी येते, पोलिसांकडून ती लोकांपर्यंत कशी जाते आणि या येण्याजाण्यावर बंदोबस्त कसा उभा राहतो, याची ही नोंद. गस्त, नाकाबंदी, धरपकड हे पोलिसी कामाचे दिसणारे अंग. पण मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी अशा चार भाषा एकाच रस्त्यावर ऐकू येणाऱ्या या गावात एखादी गोष्ट कोणाच्या तोंडून आणि कोणत्या भाषेत कळली, यावर तिचे पुढे काय होणार हे बरेचसे ठरते.

ठाणी आणि हद्द

शहरासाठी पोलीस आयुक्तालय आहे, तर उरलेल्या जिल्ह्यासाठी सोलापूर ग्रामीणचे पोलीस अधीक्षक. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख आणि अकरा तालुक्यांच्या जिल्ह्याची सुमारे ४३ लाख होती. शहराची ठाणी फौजदार चावडी, जेलरोड, सदर बझार, जोडभावी पेठ, विजापूर नाका, सलगर वस्ती आणि एमआयडीसी. या नावांतच गावाचा नकाशा आहे. सदर बझार म्हणजे इंग्रजांच्या छावणीचा बाजार. विजापूरचे अधिकृत नाव २०१४ मध्ये विजयपुरा झाले, तरी सोलापुरातला नाका विजापूरचाच राहिला. फौजदार म्हणजे आजचा उपनिरीक्षक, आणि चावडी म्हणजे गावाने बसून बोलायची जागा. अधिकार आणि गप्पा एकाच नावात बसवणारे ठाणे विरळाच.

आयुक्तालय असल्याचा परिणाम कागदावर दिसतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खालचा जमावबंदी व शस्त्रबंदीचा आदेश शहरात पोलीस आयुक्त काढतात, ग्रामीण भागात तो महसूल खात्याच्या दंडाधिकाऱ्याकडून निघतो. जमावबंदी राज्य शासनाच्या मंजुरीविना पंधरा दिवसांहून अधिक चालत नाही. त्यामुळे सणावारांच्या दिवसांत हे आदेश पुन्हा पुन्हा निघतात आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापून येतात. भाषा अशी असते की वाचणाऱ्याला मनाई कशाची आहे हे तिसऱ्या वाचनात कळावे. नागरिकांना माहिती देण्याच्या साधनांपैकी हे सर्वांत जुने, आणि सर्वांत कमी वाचले जाणारे.

हद्दीचा घोळ मात्र सगळ्यांना ठाऊक असतो. १९९२ च्या हद्दवाढीत बाळे, केगाव, शेळगी, कुमठे, मजरेवाडी ही आजूबाजूची गावे महापालिकेत आली, आणि शहराच्या कडेची वस्ती तेव्हापासून वाढतेच आहे. पुणे–हैदराबाद महामार्गावर रात्री कोणाला लुटले, तर जागा शहरात पडते की ग्रामीणमध्ये, हे सांगणे स्थानिक माणसालाही जड जाते. ‘ही आमची हद्द नाही’ हे वाक्य त्यातून रूढ झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने या वाक्याला कायद्याने आडकाठी घातली. गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्याने नोंदवून घ्यायची आणि मग ती योग्य ठाण्याकडे पाठवायची. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. खबर देणाऱ्याला एफआयआरची प्रत मोफत मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानुसार संवेदनशील गुन्हे वगळता बाकीचे एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावे लागतात.

पोलीस नसलेले तीन दिवस

या शहरात पोलीस आणि लोक यांच्या नात्याचा विचार १९३० टाळून करता येत नाही. ५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली आणि गिरणगाव असलेल्या सोलापुरात संप, मिरवणुका सुरू झाल्या. ८ मे रोजी रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडे तोडण्यावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण पहिला पडला. संतापलेल्या जमावाने मंगळवार पेठेतली पोलीस चौकी पेटवली, त्यात दोन पोलीस मारले गेले. पोलीस शहरातून मागे हटले. ९, १० आणि ११ मे हे तीन दिवस सोलापुरात इंग्रजांचा अंमल उरला नाही. रस्त्यावरची रहदारी काँग्रेसचे स्वयंसेवक सांभाळत होते.

१२ मे रोजी लष्करी कायदा आला, तो ३० जूनपर्यंत राहिला. तेव्हा गांधी टोपी घातली म्हणूनही शिक्षा होई. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. चार हुतात्म्यांचे पुतळे आज शहराच्या मध्यावर आहेत, आणि सणाच्या बंदोबस्ताला उभे राहणारे पोलीस त्यांच्याच पायथ्याशी सावली शोधतात. त्या तीन दिवसांकडे इतिहासाची पुस्तके स्वातंत्र्याचा प्रसंग म्हणून पाहतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्यातून आणखी एक गोष्ट दिसते. लोकांचा भरवसा उडाला की चौकी ही नुसती इमारत उरते, आणि भरवसा ज्यांच्यावर असतो त्यांच्या हातवाऱ्यावर टांगेही थांबतात.

बीट, समिती आणि पेठ

आजच्या व्यवस्थेचा पाया बीट हाच आहे. ठाण्याची हद्द बीटांत वाटलेली असते आणि बीट अंमलदाराला आपल्या पेठेतली तालीम, पानटपरी, भाडेकरू, जुने गुन्हेगार आणि नवे वाद माहीत असणे अपेक्षित असते. त्याच्या जोडीला गोपनीय शाखेचे अंमलदार साध्या वेषात फिरतात. चोरी-घरफोडी उकलणारे पथक वेगळे. त्याला अजूनही सगळे ‘डीबी’, म्हणजे डिटेक्शन ब्रँच, म्हणतात. हद्दपारी, म्हणजे लोकांच्या भाषेत तडीपारी, दोन वर्षांपर्यंत करता येते. पण तडीपार झालेला माणूस रात्री गुपचूप घरी येऊन गेला, हे पोलिसांआधी गल्लीला कळते. गल्ली ते बीट अंमलदाराला सांगते की नाही, यावर आदेशाचा जीव अवलंबून.

सण आला की शांतता समितीची बैठक ठरलेली. गणेशोत्सव, ईद, आंबेडकर जयंती, शिवजयंती यांच्या आधी मंडळांचे पदाधिकारी, मशिदींचे विश्वस्त, वीज मंडळ आणि महापालिकेचे लोक एका खोलीत बसतात. मिरवणुकीचा मार्ग, वेळ, खड्डे, लोंबणाऱ्या तारा, आणि अर्थातच डीजे. लेझीमच्या ताफ्यांसाठी नाव असलेल्या गावात डीजेवर इतकी चर्चा व्हावी, हे गमतीचे आहे. या बैठकांत चेहरे वर्षानुवर्षे तेच असतात, ही तक्रारही जुनी. समितीतले पुढारी शांत असतात, भांडणारी पोरे समितीत नसतात.

या उणिवेवरचा एक उपाय सोलापूरच्या ओळखीच्या गावातून आला होता. १९८८ मध्ये भिवंडीचे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यांत पुढाऱ्यांऐवजी गल्लीतली साधी माणसे घेतली आणि वर्षभर, सण नसतानाही, बैठका चालू ठेवल्या. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. तिथेही यंत्रमाग, तिथेही पद्मशाली विणकर. सोलापूरच्या पूर्वभागाशी त्या गावाचे साम्य डोळ्यांत भरते.

पूर्वभागाचा प्रश्न भाषेचा. इथली विणकर आणि बिडी कामगार कुटुंबे घरात तेलुगू बोलतात. मुले मराठी शाळेत जातात, आजीला मात्र भोंग्यावरची मराठी सूचना अर्धीच कळते. एप्रिल २०२० मध्ये शहरातला कोरोनाचा पहिला रुग्ण तेलंगी पाच्छा पेठेत सापडला आणि परिसर बंद झाला, तेव्हा बंदीचा अर्थ दारोदार समजावून सांगणे हे काठी उगारण्याहून मोठे काम होते. बिडी वळणाऱ्या बायका विड्यांच्या जुड्या घेऊन कारखान्याच्या शाखेत जमतात. ‘अक्का’ म्हणून दोन वाक्ये तेलुगूत बोलणारी महिला अंमलदार तिथे अर्धा तास उभी राहिली, तर घरगुती मारहाण, सावकारी, सोनसाखळीचोर यांबद्दल जे कळेल, ते ठाण्याच्या खुर्चीत बसून कळणार नाही. ठाण्याची पायरी चढायला माणूस कचरतो, बाई तर अधिकच.

गड्डा यात्रा

मकरसंक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा भरते. सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, अक्षता सोहळा, होम आणि होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे जत्रेचा बाजार. नंदीध्वज उंच आणि जड, तो तोलून नेणाऱ्यांची पावले ठरलेली. त्यामुळे मिरवणुकीच्या वाटेवर एक वाहन अडकले तरी सगळे खोळंबते. वाहतूक शाखा आधीच पर्यायी मार्ग जाहीर करते, आणि परगावचा ट्रकवाला तरीही मिरवणुकीसमोर येतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, २ तारखेपासून, पोलीस ‘रेझिंग डे’ साजरा करतात. २ जानेवारी १९६१ रोजी महाराष्ट्र पोलिसांना पंडित नेहरूंच्या हस्ते ध्वज मिळाला, त्याची ही आठवण. शाळकरी मुलांना ठाणे दाखवायचे, बिनतारी संच हातात द्यायचा, बंदुका मांडून ठेवायच्या. बंदुकांभोवती गर्दी, सायबर गुन्ह्यांच्या फलकाभोवती कोणी नाही, असे दृश्य असते.

गावाकडची खबर

खेड्यात पोलिसांचा कान म्हणजे पोलीस पाटील. वतनी पाटीलकी गेल्यावर महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम १९६७ ने या पदाला आजचे रूप दिले. नेमणूक प्रांताधिकाऱ्यांकडून होते, माणूस गावातलाच लागतो. बेवारस प्रेत, आत्महत्या, शिवेवरचे भांडण, गावात आलेली अनोळखी माणसे, यांची वर्दी त्याने ठाण्याला द्यायची. तो पोलीसही नाही आणि पूर्ण गावकरीही नाही. दोन्हीकडून शिव्या खाणारे पद, असे पोलीस पाटीलच हसत सांगतात.

पूर्वी सूचना द्यायची तर कोतवाल दवंडी पिटे. मग ग्रामपंचायतीचा आणि मंदिराचा भोंगा आला. सोलापूर ग्रामीणने ग्राम सुरक्षा यंत्रणा वापरली. गावकऱ्यांचे मोबाइल क्रमांक आधी नोंदवून घ्यायचे, मग चोर आले, आग लागली, मूल हरवले, पूर आला की एकाने ठरलेल्या टोल फ्री क्रमांकावर बोलायचे आणि त्याचाच आवाज त्याच क्षणी सगळ्यांच्या फोनवर वाजायचा. संदेश लिहिलेला नसल्यामुळे वाचता न येणाऱ्यालाही तो कळतो, आणि ओळखीचा आवाज म्हणून लोक उठतात. दवंडीच ती, हलगी तेवढी नाही.

खबर लवकर पोचणे जितके मोलाचे, तितकेच खोटी खबर अडवणे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते आणि त्यांतले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. अफवा मोबाइलवरून फिरली होती. मंगळवेढ्याच्या माळावर तेव्हापासून अफवा हा शब्द ज्या वजनाने उच्चारला जातो, ते वजन सरकारी फलकावर उतरत नाही. रात्री आकाशात ड्रोन फिरतात, चोर घरे हेरतात, अशा बातम्या अलीकडच्या पावसाळ्यांत उठल्या तेव्हा गावोगाव बैठका घेऊन ‘अनोळखी माणूस दिसला तर बसवा, पाणी द्या, ११२ ला फोन करा’ हे सांगावे लागते ते यामुळेच. ११२ ही सेवा महाराष्ट्रात २०२१ मध्ये सुरू झाली. फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात लागतो आणि तिथून जवळच्या गाडीतल्या पडद्यावर ठिकाण उमटते. आपण टेंभुर्णीहून बोलतोय आणि समोरचा नवी मुंबईत आहे, हे कळल्यावर म्हातारी माणसे गांगरतात. त्यांना गावाबरोबर तालुकाही सांगायला शिकवावे लागते. ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक वेगळा. पैसे गेल्यापासूनचा पहिला तास हातचा जाऊ द्यायचा नाही, एवढेच त्याबाबत सांगण्यासारखे.

२०२१ मध्ये तत्कालीन अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी सुरू केलेले ‘ऑपरेशन परिवर्तन’ वेगळ्या वाटेने गेले. मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांवर हातभट्टीची दारू गाळली जाई. छापा पडे, रसायन ओतून दिले जाई, आठवड्यात भट्टी पुन्हा पेटे. या मोहिमेत अधिकाऱ्यांनी एकेक तांडा दत्तक घेतला. छापे चालू ठेवून घरोघर समुपदेशन केले आणि शिलाई, दुकान, दुभती जनावरे, नोकरी अशी दुसरी पोटापाण्याची सोय लावून देण्याचा प्रयत्न केला. कर्ज कोणत्या बँकेतून मिळते, जातीचा दाखला कुठे काढतात, ही माहितीही पोलिसांनीच पुरवली. हे पोलिसांचे काम आहे का, असा प्रश्न विचारता येईल. पण तांड्यावर सरकारचा दुसरा माणूस क्वचितच जात असे.

आषाढी

ग्रामीण पोलिसांची खरी कसोटी पंढरपूर. ज्ञानेश्वरांची पालखी धर्मपुरीला जिल्ह्यात शिरते, तुकोबांची अकलूजला येते, आणि वाखरीला सगळ्या पालख्या भेटतात. कोणता रस्ता कोणत्या दिवशी बंद, हे आधीच जाहीर होते. मंगळसूत्र ओढणारे, पाकीटमार, चंद्रभागेतले पाण्याचे खड्डे यांचा बंदोबस्त वेगळा. इतर जिल्ह्यांतून कुमक येते, गृहरक्षक दलाचे जवान येतात, बाहेरून आलेल्या शिपायाला महाद्वार कुठे आणि नामदेव पायरी कुठे हे पहिल्या दिवशी वारकरीच सांगतात.

चुकलेल्या माणसांचे ध्वनिक्षेपक रात्रंदिवस चालू असतात. चुकलेल्या म्हातारीला मुलाचा मोबाइल क्रमांक पाठ नसतो, गावाच्या नावाची दोन-तीन गावे महाराष्ट्रात असतात, नवऱ्याचे नाव घ्यायला ती लाजते. अनुभवी पोलीस तिला यातले काहीच विचारत नाहीत. ते विचारतात, ‘माउली, दिंडी रथापुढची की रथामागची? नंबर किती?’ तो तिला पाठ असतो.