फ्लेकी टेस्ट : नेटवर्क सॉफ्टवेअरमधील वेळेचे दोष

कोडमध्ये एक अक्षरही न बदलता कधी पास, कधी फेल होणारी स्वयंचलित चाचणी म्हणजे फ्लेकी टेस्ट. इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी 2014 मध्ये अपॅची या मुक्तस्रोत सॉफ्टवेअर संस्थेच्या 51 प्रकल्पांतील अशा 201 दुरुस्त्या पाहिल्या. कारण ठरवता आले त्यांपैकी सुमारे 45 टक्के ठिकाणी दोष एकच होता: काम पुरे होण्याची वाट नीट न पाहणे.

उदाहरणादाखल, लासलगावच्या लिलावातला कांद्याचा भाव शेतकऱ्याच्या मोबाइलवर पोचवणारी सेवा नाशिकमध्ये लिहिली जात आहे असे धरू. टेस्ट सर्व्हर सुरू करते, 100 मिलिसेकंद स्लीप घेते (नुसती थांबते) आणि भाव मागते. अंबडच्या कार्यालयातल्या लॅपटॉपवर ती कायम हिरवी, म्हणजे पास. सीआयच्या, म्हणजे प्रत्येक बदलानंतर आपोआप टेस्ट चालवणाऱ्या व्यवस्थेच्या, मशीनवर मात्र दोन कोअरवर दहा कामे झुंजत असतात, तेवढ्या वेळात सर्व्हरला सीपीयूच मिळत नाही आणि टेस्ट लाल होते. मग कोणीतरी 100 चे 500 करतो. हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कुचकामी उपाय आहे. बिघाड दुर्मीळ होतो, म्हणजेच शोधायला अवघड होतो. शिवाय अशा 300 टेस्ट एकामागून एक चालल्या तर अडीच मिनिटे नुसती झोपेत जातात.

दुरुस्तीची दिशा घड्याळाकडून घटनेकडे असावी. सर्व्हरचे सॉकेट (जोडणीचे टोक) लिसन, म्हणजे जोडणी ऐकण्याच्या, स्थितीत गेले की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) येणारी जोडणी रांगेत धरून ठेवतो. म्हणून आधी लिसन करून मग क्लायंट सुरू केला तर स्लीपची गरजच उरत नाही. ठरावीक पोर्टऐवजी पोर्ट 0, म्हणजे ‘कोणताही मोकळा क्रमांक’, मागावा आणि कर्नलने दिलेला क्रमांक वाचून घ्यावा. नाहीतर लिनक्सवर मागच्या टेस्टची जोडणी 60 सेकंद टाइम-वेटमध्ये, म्हणजे बंद झाल्यानंतरच्या प्रतीक्षेत, अडकून नवा सर्व्हर उठू न देण्याची शक्यता असते. घटनेची सूचना मिळण्यासारखी नसेल तर दर 10 मिलिसेकंदांनी तपासावे आणि कमाल मुदत सढळ, 10 सेकंदांचीही, ठेवावी. स्लीपची किंमत प्रत्येक वेळी मोजावी लागते, मुदतीची फक्त टेस्ट फेल होते तेव्हा.

खरी कसोटी लागते ती काही ‘घडू नये’ हे तपासताना. लिलाव बंद झाल्यावर भाव जाता कामा नये, हे सिद्ध करायला किती थांबायचे? कितीही थांबले तरी अपुरेच. त्याऐवजी त्याच जोडणीवरून, त्याच रांगेतून एक खुणेचा संदेश मागाहून पाठवावा. जोडणी चालवणारी टीसीपी ही पद्धत संदेशांचा क्रम राखते. खूण आली आणि तिच्याआधी भाव आला नाही, तर तो पाठवलाच गेला नव्हता.

उशीर किती झाला हा आकडाही बोलका असतो. 2011 च्या आरएफसी 6298 या इंटरनेट मानकानुसार टीसीपीची पुनर्प्रेषणाची (हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवण्याची) सुरुवातीची मुदत 1 सेकंद आहे, त्याआधी ती 3 सेकंद होती. त्यामुळे जोडणी मागणारे पहिले पॅकेट हरवले की 500 मिलिसेकंदांचा टाइमआउट हमखास हुकतो. लिनक्सवर 40 मिलिसेकंदांचा अडखळा वारंवार दिसला, तर संशय नेगल अल्गोरिदम (छोटे तुकडे साठवून एकत्र पाठवणारा) आणि उशिरा येणारी पोच यांच्या जोडीवर घ्यावा. मशीनवरच्या भाराला दोष देऊ नये.

तीस सेकंदांनी पुन्हा जोडणी करण्यासारखे नियम तपासायला खोटे घड्याळ वापरतात. गो भाषेत ऑगस्ट 2025 च्या 1.25 आवृत्तीपासून सिंकटेस्ट हे असे घड्याळ देणारे पॅकेज अधिकृतपणे मिळते. सगळ्या गोरूटीन (गोमधली एकाच वेळी चालणारी कामे) अडून बसल्या की त्यातले घड्याळ आपोआप पुढे सरकते. मात्र खऱ्या सॉकेटवर अडलेली गोरूटीन त्यात धरली जात नाही, म्हणून तिथे मेमरीतला पाइप जोडावा लागतो.

तारखेचा घोळ वेगळाच. सीआयचे घड्याळ सहसा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, असते. नाशिकला मध्यरात्र उलटल्यापासून पहाटे 5:30 पर्यंत तिथे ‘आज’ म्हणजे आपला काल. ‘आजचा भाव’ तपासणारी टेस्ट दिवसा निमूट पास होते आणि रिलीजच्या रात्री जागणाऱ्यांनाच छळते. अशा टेस्टला तारीख बाहेरून द्यावी.

दुरुस्ती झाली हे ठरवायला एक हिरवी खूण पुरत नाही. मशीनवर मुद्दाम भार टाकून, लिनक्सच्या नेटएम या नेटवर्कची नक्कल बिघाड घडवणाऱ्या साधनाने 200 मिलिसेकंदांचा उशीर आणि थोडी पॅकेट-गळती घालून तीच टेस्ट शेकडो वेळा चालवतात. आपोआप रीरन करण्याची सोय बिल्ड अडू नये म्हणून ठेवायला हरकत नाही, पण प्रत्येक रीरनची नोंद राहिली पाहिजे; लाल झालेल्या टेस्टमागे कधीकधी सेवेतलीच रेस कंडिशन (दोन कामांपैकी आधी कोणते होते यावर अवलंबून असलेला दोष) असते.